प्रसाद शिळा होत नाही

उमरग्याकडं जाणाऱ्या एसटीत एकदा माझी पिशवी वरच्या फळीवरून घसरली आणि आतलं सगळं सामान भर गर्दीत सांडलं. कागदी टोप्यांची चळत, हातमोजे, लांब दांडीचे थर्मामीटर, नेलकटर, निळीची डबी आणि एक प्लॅस्टिकचं झुरळ. झुरळ नेमकं एका आजोबांच्या धोतरावर जाऊन बसलं आणि आजोबा त्या वयात सीटवर उभे राहिले. सगळं गोळा करायला मदत करत कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, तुमी डॉक्टर हाव का जादूचे प्रयोग करताव?"

मी म्हटलं, "दोन्ही नाही. मी आचाऱ्यांना हात धुवायला शिकवते."

अख्खी बस माझ्याकडं वळली. मग मागून कुणीतरी अगदी मनापासून विचारलं, "त्याला बी शिक्षण असतंय व्हय?"

माझी निम्मी नोकरी या प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली आहे आणि उरलेली निम्मी हात धुण्यात. त्यामुळं इथंही आधी ते उत्तर देऊन टाकते. हॉटेल, ढाबा, खानावळ, लग्नाचा स्वयंपाक, जत्रेची कढई, जिथं म्हणून एकाच्या हातचं पुष्कळ जण खातात, तिथल्या त्या हातांना मी एक दिवस समोर बसवते. अन्न कसं बिघडतं ते सांगते, कसं बिघडू द्यायचं नाही ते करून दाखवते, संध्याकाळी परीक्षा घेते. जो पास होतो त्याला अन्नसुरक्षेचं सरकारमान्य प्रमाणपत्र मिळतं. पुस्तक जाडजूड आहे, पण सार एवढंच की गरम ते गरम ठेवा, गार ते गार ठेवा, कच्च्याला शिजलेल्याशी शेजार करू देऊ नका आणि कशालाही हात लावण्याआधी तो हात धुवा. पाच अंशांच्या खाली जंतू झोपतात, साठच्या वर मरायला टेकतात आणि मधल्या पट्ट्यात संसार थाटतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यात चैत्रात सावलीत बसलं तरी चाळीस असतात. म्हणजे जंतूंना आमचा जिल्हा माहेरासारखा.

मी स्वतः अणदूरची. खंडोबाचं गाव, त्यामुळं हळदीचा भंडारा कपाळावर असणं हे आमच्याकडं कपडे घातलेले असण्याइतकं साधं. नवीन होते तेव्हा मी एक युक्ती बसवली होती. एकाच्या तळहाताला गुपचूप हळद लावायची, त्याला सगळ्यांशी हात मिळवायला सांगायचं आणि थोड्या वेळानं दाखवायचं की ती हळद कुठं कुठं पोचली. जंतू असेच पसरतात, हे त्याचं तात्पर्य. तुळजापूर, नळदुर्ग सगळीकडं युक्ती चालली. मग मोठ्या तोऱ्यात ती माझ्या माहेरी, अणदुरात केली. तो रविवार होता हे माझ्या लक्षात नव्हतं. वर्गातले सगळेच्या सगळे देवळातून आलेले, पिवळेधमक. मी म्हटलं, "बघा, हळद कुठं कुठं गेली." एक म्हातारबा प्रसन्न होऊन म्हणाले, "समद्यावर किरपा हाय देवाची." आणि ज्याच्या हाताला मी हळद लावली होती त्याच्या पाया पडायला दोघं उठले. त्या दिवसापासून पिशवीत हळदीच्या जागी नीळ आली.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नग. हायवेवरच्या एका ढाब्याचा भटारी प्रशिक्षणानंतर हातमोजे घालायला लागला, हे ऐकून मला कोण आनंद झाला. जाऊन पाहते तर सकाळी चढवलेले मोजे संध्याकाळी हातावर तेच. त्याच मोज्यांनी कणीक, त्याच मोज्यांनी नोटा, त्याच मोज्यांनी पाठ खाजवणं. मी कपाळाला हात लावला तर म्हणाला, "मॅडम, आतून बगा की." आणि मोजे काढून दाखवले. आतला हात खरंच लोण्यासारखा स्वच्छ होता.

दुसरा एक जण थर्मामीटरच्या प्रेमात पडला. मी तपासणीला गेले तेव्हा पाठ म्हणून दाखवावं तसं म्हणाला, "दाळ ब्याऐंशी, मसाला भात एकाहत्तर, मंडळी एकोणचाळीस." मंडळी म्हणजे त्याची बायको. तिला ताप भरला म्हणून यानं डाळीचा थर्मामीटर तिच्या काखेत लावला होता. माझा चेहरा बघून लगेच म्हणाला, "मधी धुतला व्हता मॅडम. साबणानं. एक कडवं म्हणस्तोवर." हात किती वेळ चोळायचे हे कळावं म्हणून मी सगळ्यांना आवडत्या भजनाचं एक कडवं मनात म्हणायला सांगते. ते मात्र तो अजिबात विसरला नव्हता. आता याला शाबासकी द्यावी की थर्मामीटर काढून घ्यावा? मी दोन्ही केलं.

या कामाचं दुःखही आहे, नाही असं नाही. ढाब्यावरचा माणूस टिकत नाही. तुम्ही जीव तोडून एकाला तयार करावं आणि सहा महिन्यांनी त्या जागी दुसराच उभा असावा, नखं वाढलेला, कानात काडी घालत. दुसरं दुःख घरचं. लग्नात मी पंगतीला बसले की वाढपी आपले हात मागं लपवतात. माझी सख्खी जाऊ मला जेवायला बोलावते आणि म्हणते, "या, पण स्वयंपाकघरात येऊ नका." आणि बाहेरची पाणीपुरी मी किती वर्षांत खाल्ली नाही हे लिहायला बसले तर हा लेख रडका होईल.

तसा तो होऊ द्यायचा नाही, कारण मला गुंडप्पामामांची गोष्ट सांगायची आहे.

उमरग्याच्या पुढं, हायवेपासून जरा आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं आता माझी झालीत आणि ती दिवाळी अंक वाचतात. घरात कानडी, बाजारात मराठी आणि ट्रकवाल्यांशी दखनी बोलणारं गाव. चैत्रात महादेवाची जत्रा भरते आणि महाप्रसादाला हुग्गी असते. हुग्गी म्हणजे कांडलेल्या गव्हाची खीर. गूळ, दूध, खोबरं, सुंठ, बडीशेप घालून मोठ्या कढईत लाकडी वल्ह्यानं घोटत राहायची. कढई एवढी मोठी की आत उतरून घासावी लागते. प्रत्येक घरातून कढईसाठी गहू यायचे हा रिवाज. ज्याचे गहू कढईत पडले नाहीत त्याचं घर जत्रेत नाही, म्हणून कुणाचेही गहू परत करायचे नसतात. आणि ती कढई पिढीजात गुंडप्पामामांच्या घराकडं. आधी त्यांचे आजोबा, मग वडील, मग मामा. पांढऱ्या शुभ्र झुपकेदार मिशा, डोक्याला लाल पटका, आणि हातात वल्हं असलं की गावचा पाटीलसुद्धा त्यांना विचारून बोलणार.

मी तिथं गेले त्याच्या आदल्या वर्षी मात्र जत्रेनंतर बऱ्याच घरांत पोटं बिघडली. गावात जे जेवले ते ठणठणीत होते. बिघडली ती डब्यांमुळं. रिवाज असा की उरलेली हुग्गी रात्रभर कढईतच झाकून ठेवायची आणि सकाळी डब्यांत भरून गावोगावच्या लेकींना पाठवायची. कुणाची लेक आळंदला, कुणाची बसवकल्याणला, कुणाची निलंग्याला. दूध, गूळ, शिजलेला गहू आणि चैत्रातला उन्हाळा. जंतूंनी याहून अधिक काय मागावं? जत्रा कमिटीचे अध्यक्ष वीरभद्रअण्णा हे सावध गृहस्थ. त्यांनी जाहीर करून टाकलं की यंदा आचाऱ्याकडं प्रमाणपत्र असेल तरच कढई चढेल, नाहीतर शहरातून केटरर येईल. केटररनं म्हणे पनीरची भाजी आणि आइस्क्रीम कबूल केलं होतं. म्हणजे मामा पास झाले नाहीत तर महादेवाच्या जत्रेत पनीर वाढलं जाणार आणि तीन पिढ्यांचं वल्हं मामांच्या घरी भिंतीला टेकून राहणार. हे सगळं माझ्या एका सहीवर येऊन ठेपलं होतं.

वर्ग देवळाच्या सभामंडपात भरला. मी टोप्या वाटल्या. मामा म्हणाले, "मला पटका हाय."

"मामा, पटका काढून टोपी घाला."

"पटका दुखवट्यात उतरवितेत मॅडम. माझं समदं हयात हायत."

मी सगळ्यांत मोठी टोपी काढली आणि पटक्यावरूनच चढवली. पुरणाच्या गोळ्यावर ओलं फडकं झाकावं तशी ती दिसत होती. मामांनी माझ्या पिशवीतल्या आरशात पाहिलं, मान इकडं तिकडं वळवली आणि ती त्यांना आवडली. मग काय, मामांनी घातली म्हटल्यावर सगळ्या पटक्यांवर टोप्या चढल्या.

नीळ मी नेहमीप्रमाणं कुणाला न सांगता वल्ह्याच्या दांड्याला फासून ठेवली होती. मामांनी वल्हं धरून घोटणं कसं असतं ते मोठ्या ऐटीत दाखवलं. मधेच थांबून, डोळे बारीक करून विचार करायची त्यांची एक लकब होती. दाटपणा जमला का, गूळ लागेल का, याचा विचार. त्या वेळी हात आपोआप मिशीकडं जायचा. थोड्या वेळानं सभामंडपात खुसखुस सुरू झाली. मामांच्या पांढऱ्या मिशा मोरपंखी झाल्या होत्या. मी पुन्हा आरसा पुढं केला. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजी ह्या मिशा दर साली हुग्गीत व्हत्या."

आणि मग तेच सगळ्यांच्या आधी हसले. निळीचा रंग मिशांना चांगला चिकटला आणि पुढचे काही दिवस गाव त्यांना बघायला येत होतं.

संध्याकाळी परीक्षा. मामांचं वाचन कानडीत झालेलं, मराठी अक्षरं त्यांना जड जात, म्हणून त्यांची तोंडी घेतली. हात, नखं, झाकणं, आजारी माणूस, पिण्याचं पाणी, सगळी उत्तरं टकाटक. मग मी विचारलं, "कार्यक्रम संपल्यावर उरलेल्या प्रसादाचं काय करणार?"

"डबे भरनार."

"दुसऱ्या दिवशी? शिळा झाल्यावर?"

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी महादेवाच्या पिंडीवर चप्पल ठेवली. "प्रसाद शिळा होत न्हाय."

"मामा, दूध तर नासतं ना."

"दूध नासतंय. प्रसाद न्हाय नासत."

मी चार तऱ्हांनी समजावलं, ते चार तऱ्हांनी तेच म्हणाले. बाकी सगळ्या उत्तरांवर ते पास होते. पण या उत्तरावर सही केली असती तर माझ्याच शिक्क्यानं सकाळी डबे निघाले असते. मी म्हटलं, "सही उद्या करते." वीरभद्रअण्णांनी लगेच केटररचा नंबर शोधायला फोन काढला. पटक्यावरची टोपी काढून, नीट घडी करून मामांनी माझ्या हातात दिली. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काय बोलणार हे ठरलेलं नव्हतं. नीलव्वा म्हणजे मामी चुलीपाशी चहा करत होत्या. मामा निळ्या मिशा घेऊन खांबाला टेकून बसलेले. मी पुन्हा जंतूंचं सुरू केलं, मामांनी पुन्हा प्रसादाचं. चहा गाळता गाळता मामी म्हणाल्या, "साकु आता." साकु म्हणजे पुरे. मग नवऱ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "शांता मागल्या साली दवाखान्यात व्हती."

शांता म्हणजे त्यांची एकुलती लेक, बसवकल्याणला दिलेली.

"कवा?" मामांनी विचारलं.

"जत्रंनंतर. सलाईन लावलतं पोरीला. डब्याला आंबूस वास येयलता म्हनं. तरी तिनं समदा खाल्ला. म्हनली, अव्वा, प्रसाद हाय आन अप्पाच्या हातचा हाय, कसा टाकू? आन मला शपत घातली, अप्पाला कळू देऊ नको म्हनून."

मामा उठले आणि मोरीवर गेले. साबण घेतला आणि हात धुवायला लागले. मी शिकवलं होतं तसंच, बोटांच्या फटी, नखं, मनगट. एक कडवं झालं, दोन झाली, तरी ते धूतच होते. त्यांची पाठ आमच्याकडं होती, खांदे हलत होते. मी गुळाच्या चहाची कपबशी खाली ठेवली.

हात पुसत ते परत आले. "नीलव्वा, लेकीला फोन लाव." फोन लागला तसे म्हणाले, "शांता, औंदा डबा येनार न्हाय." तिकडून पोरीनं जे रडायला सुरुवात केली ती आम्हाला इथं ऐकू येत होती. तिला वाटलं बापानं माहेर तोडलं. मामींनी फोन हिसकावून घेतला आणि ओरडल्या, "अगं बारवा, तू ये म्हनायलेत ते, डबा घरीच खा म्हनायलेत!" बारवा म्हणजे ये गं. रडणं थांबलं, आणि मग दुसरं, वेगळ्या जातीचं रडणं सुरू झालं.

मामा माझ्याकडं वळले. "मॅडम, त्यो सवाल परत इचारा."

"उरलेल्या प्रसादाचं काय करणार?"

"उरूच देनार न्हाय."

हे उत्तर पुस्तकात नाही. मी तिथंच, चुलीच्या उजेडात सही केली.

आता यापुढं जे झालं त्याला जबाबदार कोण, यावर त्या गावात अजून वाद आहे. डबे बंद आणि लेकींना आवतण, ही बातमी घरोघर गेली. ज्या लेकींना वर्षानुवर्षं नुसता डबा जायचा, त्या सगळ्या निघाल्या. कुणी एसटीनं, कुणी टमटमनं, नवऱ्याला, पोरांना, एकीनं तर सासूलाही घेऊन. गाव आनंदानं खुळं झालं. आणि लेक येणार म्हटल्यावर प्रत्येक घरानं काय केलं? कढईला जिथं एक पायली गहू द्यायचे तिथं दोन दिले. परत करायचे नाहीत हा रिवाज. मामांनी बिचाऱ्यांनी सगळे कढईत घातले, आणि ती कढई पुरेना म्हणून शेजारच्या गावची आणली.

जत्रेच्या दिवशी मी थर्मामीटर घेऊन हजर. मामा टोपीत, मिशांचा निळा रंग आता फिका आभाळी झालेला, पण हात एकदाही तिकडं गेला नाही. हात मिशीकडं निघायचा, अर्ध्यात थांबायचा आणि परत वल्ह्यावर जायचा. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत चव घ्यायची नसते, म्हणून ते नुसत्या वासावर गूळ घालत होते. पंगती बसल्या. शांता पहिल्याच पंगतीत. मामांनी स्वतः जाऊन तिला वाढलं, वाफाळती, वर तुपाची धार. ती म्हणाली, "अप्पा, लई गरम हाय." मामा म्हणाले, "तसंच पायजे," आणि चटकन पुढं गेले, कारण त्यांच्यानं तिथं थांबवत नव्हतं.

पंगतींवर पंगती उठल्या. लोक जेवले, पुन्हा जेवले, लेकींच्या सासवा झाडाखाली आडव्या झाल्या, आणि दुपार कलली तेव्हा दुसऱ्या कढईत गुडघाभर हुग्गी शिल्लक होती. खाली विस्तव ठेवावा तर बूड करपायला लागलेलं, विस्तव ओढावा तर हुग्गी निवणार आणि साठच्या खाली येणार. मामा माझ्याकडं बघत होते, मी थर्मामीटरकडं बघत होते. तेवढ्यात एक लेक पिशवीतून हळूच रिकामा स्टीलचा डबा काढताना दिसली. मग दुसरी. सगळ्यांनी सवयीनं डबे आणलेच होते.

वीरभद्रअण्णा म्हणाले, "गुंडप्पा, भर की डबे. एवढ्या एका साली चालतंय."

मामा वल्हं घेऊन कढईपुढं आडवे उभे राहिले. "न्हाय."

"मग काय प्रसाद खड्ड्यात घालतो?"

प्रसाद टाकायचा नाही आणि ठेवायचाही नाही. मामांचा शब्द, पुढल्या वर्षीची कढई आणि माझी सही, सगळं त्या हुग्गीत रुतून बसलं होतं. मला तर पनीरचा वास यायला लागला. तेवढ्यात हायवेवरून एका ट्रकचा लांबलचक हॉर्न आला. मामांनी मान वर केली. "आरं," ते म्हणाले, "येवडं जग उपाशी चाललंय की तिकडून."

पुढची धांदल विचारू नका. हुग्गी डेगांत भरली, झाकणं लावली, डेगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढल्या, मागून पाण्याचा टँकर, त्यामागं पत्रावळी घेतलेल्या लेकी. हायवेकडेच्या मोकळ्या मैदानात आम्ही ठाण मांडलं आणि पटक्यांवर पांढऱ्या टोप्या घातलेले सात-आठ दणकट बाप्ये हात दाखवत रस्त्याकडेला उभे राहिले. मामांच्या गळ्यात माझा थर्मामीटर दोरीनं लटकवलेला. हे असलं पथक ट्रकवाल्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. पहिला ट्रक निमूटपणे बाजूला घेऊन ड्रायव्हर उतरला तो कागदांची फाइल काढतच.

"साब, पेपर सब क्लिअर है," तो म्हणाला. हैदराबादकडचा होता, घामाघूम झालेला.

मामा म्हणाले, "कागद नक्को. हातां दिखाव."

त्यानं घाबरत दोन्ही हात पुढं केले. मामांनी ते उलटे सुलटे करून पाहिले. "काले हैं. धो के आव."

"साब, हात का भी चालान होता?"

"धो के आव बोला ना."

तो टँकरकडं गेला. शांता तिथं साबण घेऊन उभी होती, तिनं त्याला बोटांच्या फटी दाखवल्या. परत आला तेव्हा त्याच्या धुतलेल्या हातावर वाफाळत्या हुग्गीची पत्रावळ ठेवली गेली आणि तो माणूस नुसता बघत राहिला. पहिला घास खाल्ल्यावर मात्र तो रस्त्यावर धावत गेला आणि मागून येणारे ट्रक स्वतःच अडवायला लागला. मग ही रांग लागली. तामिळनाडूचे, पंजाबचे, नांदेडचे, एकापुढं एक उभे राहून कोपरापर्यंत फेस करत होते. आपल्याला नक्की कोणत्या गुन्ह्यासाठी थांबवलंय हे अर्ध्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. एक सरदारजी जाताना मामांच्या टोपीकडं, मग स्वतःच्या पगडीकडं बोट करून काही बोलले. मी पिशवीतून एक मोठी टोपी काढून दिली, तर ते ती पगडीवर चढवून हॉर्न वाजवत गेले. एवढं हसल्याचं मला आठवत नाही. माझं पोट दुखायला लागलं आणि अण्णांना वाटलं की मॅडमनाच बाधा झाली.

ऊन उतरलं तेव्हा शेवटच्या डेगेत वल्हं फिरलं आणि बुडाला खरखरलं. तो आवाज आला तसं सगळं गाव ओरडलं. मामांनी डेग उलटी करून सगळ्यांना दाखवली. अण्णा पुढं आले आणि म्हणाले, "पुढल्या साली कढई तुज्याकडंच, पण गहू एकच पायली घ्यायचं बरं का." मामांनी मान डोलावली, आणि हात मिशीकडं गेला. या वेळी मी तो जाऊ दिला.

सगळं आवरून देवळाशी परतलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मामांच्याही आलं. ते लगबगीनं देवळाच्या मागं गेले आणि कोनाड्यातून झाकलेली एक वाटी घेऊन आले. "तुमच्यासाठी म्या निवद झाल्या झाल्याच काढून ठिवली व्हती." वर तूप, खोबरं, सगळं. मी हात पुढं केला. पण मामांनी वाटी दिली नाही. ते थबकले, गळ्यातला थर्मामीटर पुसला आणि वाटीत घातला. बराच वेळ बघितलं. मग तो माझ्यापुढं धरला. बेचाळीस.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "तुमीच सांगा."

पोटात कावळे ओरडत होते. वासानं जीव कासावीस झाला होता. आणि सगळं गाव, सगळ्या लेकी, शांतासुद्धा माझ्याकडं बघत होती.

"गेला प्रसाद," मी म्हटलं.

मामांनी वाटी देवाला सोडलेल्या बसवण्णापुढं ठेवली. त्या बैलानं माझ्याकडं बघत बघत, अजिबात घाई न करता ती चाटूनपुसून साफ केली.

मी पिशवी उचलली, तर मामींनी दंडाला धरून मला घरात नेलं, चुलीपुढं बसवलं आणि भाकरी थापायला घेतल्या. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी थेट माझ्या ताटात आली, फुगलेली, वर लसणाचा ठेचा आणि तेल. माझा हात जाणार तोच दारातून मामांचा आवाज आला, "हात." मी उठले, मोरीवर गेले, कडवं म्हटलं, परत आले. भाकरी मोडली तशी वाफ तोंडावर आली, आणि न फुंकता मी पहिला मोठा घास कोंबला.

मामा उंबऱ्यात टेकले होते. "साठच्या वर हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

माझं तोंड भाजलं होतं, म्हणून मी नुसती मान हलवली.